लूप शिकवताना संख्यामालिकाच का देतात?

प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं की लूप, म्हणजे त्याच सूचना पुन्हा पुन्हा करवून घेणं, गिरवण्यासाठी आधी एक ते दहा आकडे छापायचे, मग सम संख्या, मग वर्ग, पुढे फिबोनाची मालिका (आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या). अनेकांना हा पोरखेळ वाटतो आणि कधी एकदा ‘खरं’ काही करायला मिळतंय असं होऊन जातं. पण एका गाजलेल्या गणनयंत्राची कल्पना निघाली तीच मुळी या कामासाठी.

इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजने १८२२ मध्ये मांडलेलं डिफरन्स इंजिन संख्यांचे तक्ते बिनचूक तयार करण्यासाठी होतं. त्याची युक्ती वर्गसंख्यांवर चटकन दिसते. १, ४, ९, १६, २५ घ्या. लगतच्या संख्यांमधले फरक ३, ५, ७, ९ आणि त्या फरकांमधला फरक कायम २. म्हणजे दर फेरीला फरकात २ मिळवायचे, तो फरक आधीच्या वर्गात मिळवायचा, की पुढचा वर्ग हजर. गुणाकार करावाच लागत नाही. आज दोन व्हेरिएबल (बदलत्या किमती साठवायच्या जागा) घेऊन चार ओळींत हे लिहिता येतं आणि लूप शिकणाऱ्याने ते एकदा तरी लिहून पाहावंच, कारण एका फेरीतून दुसरीत नेमकं काय जातं ते इथे उघड दिसतं.

१८४३ मध्ये एडा लव्हलेसने बॅबेजच्या दुसऱ्या यंत्रासाठी, ॲनालिटिकल इंजिनसाठी, बर्नुली संख्या (गणितातली एक प्रसिद्ध संख्यामालिका) काढण्याची रीत पायरीपायरीने मांडली. त्यातल्या काही पायऱ्या पुन्हा पुन्हा करायच्या होत्या. ते यंत्र पूर्ण झालंच नाही. शंभराहून अधिक वर्षांनी, ६ मे १९४९ रोजी, केंब्रिजच्या एडसॅक संगणकाने पहिला प्रोग्रॅम चालवला, तोही ० ते ९९ च्या वर्गांचा तक्ता छापणारा!

तेव्हा प्रोग्रॅममध्ये लूपसाठी लिहायचा वेगळा शब्द नव्हता. मोजणी ठेवायची, तपासायची आणि मागच्या सूचनेवर उडी मारायची, हे सगळं प्रोग्रॅमरच्या माथी. पुढे प्रोग्रॅमिंगच्या भाषा आल्या: १९५७ च्या फोरट्रानमध्ये ‘डू’ आलं, अल्गोलमध्ये ‘फॉर’ आलं. नवशिक्यांच्या दृष्टीने मात्र मला १९६४ चं बेसिक (तीही एक प्रोग्रॅमिंगची भाषा) सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी ते विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही जमावं म्हणून तयार केलं. त्यातलं ‘फॉर आय = १ टू १०’ मोठ्याने वाचलं तरी अर्थ लागतो.

त्या ओळीत १० धरले जातात. आजच्या पायथन भाषेतल्या ‘रेंज(१, १०)’ मध्ये मात्र ९ वरच थांबावं लागतं आणि नवशिके इथे हमखास अडखळतात. डच संगणकशास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी १९८२ मधल्या एका टिपणात अशाच मांडणीची बाजू घेतली होती: सुरुवातीचा आकडा धरायचा, शेवटचा सोडायचा. मग शेवटातून सुरुवात वजा केली की किती आकडे ते लगेच कळतं. आणि १ ते १० नंतर १० ते २० लावलं, तर १० गळतही नाहीत आणि दोनदा येतही नाहीत.