नीसमधली ती 'बुगाटी'

1927 च्या 14 सप्टेंबरला फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, नीस शहरात, नर्तकी इझाडोरा डंकन एका उघड्या गाडीत बसली. गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ चाकात गुंतला आणि तिचा जीव गेला. ही हकीकत सांगताना आजही बरेच जण गाडी 'बुगाटी' होती म्हणून ठोकून देतात. गाडी होती अ‍ॅमिलकार. गोंधळ व्हायला निमित्तही होतं, कारण गाडी चालवणाऱ्या तरुणाला डंकननेच 'बुगाटी' हे टोपणनाव दिलं होतं. पण ते नसतं तरी घोटाळा झालाच असता. त्या काळच्या ठेंगण्या, दोन सीटच्या फ्रेंच स्पोर्ट्स गाड्या जुन्या फोटोत ओळखायच्या म्हणजे भल्याभल्यांची दांडी उडते.

याचं मूळ सायकलकारमध्ये आहे. मोटारसायकलचं इंजिन, हलका सांगाडा, चार (कधी तीन) बारीक चाकं आणि मोटारीपेक्षा पुष्कळ कमी किंमत, अशी ही जात 1910 च्या सुमारास निघाली. पॅरिसच्या बूर्बो आणि दव्हो यांची बेदेलिया हा तिचा अस्सल नमुना. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरं फ्रेंचमध्ये 'बे' आणि 'दे', त्यावरून हे नाव. सीट एकामागे एक, आणि चालक मागच्या सीटवर! गिअर बदलायचा म्हणजे पट्टा एका पुलीवरून दुसरीवर न्यायचा, आणि त्यासाठी पुढे बसलेल्यानेही हात लावायचा. रुसलेल्या माणसाला शेजारी घेऊन या गाडीतून जायची सोय नव्हती.

'ही नेमकी कोणती गाडी' हा वाद तेव्हापासूनचा आहे. 1912 च्या डिसेंबरात आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने सायकलकारची व्याख्या ठरवली: मोठ्या वर्गासाठी इंजिन जास्तीत जास्त 1100 सीसी, वजन जास्तीत जास्त 350 किलो. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या आमियां शहरातल्या सायकलकार शर्यतीत मॅकमिनीज या चालकाची इंग्लिश मॉर्गन पहिली आली. तिला चाकं तीन. फ्रेंचांनी तिला साइडकारच्या खात्यात टाकलं आणि सायकलकारचं विजेतेपद बूर्बोच्या बेदेलियाला दिलं.

खरी गर्दी झाली ती पहिल्या महायुद्धानंतर. जुलै 1920 च्या कायद्याने फ्रान्समध्ये 350 किलोपर्यंतच्या, 1100 सीसीपर्यंतच्या, दोन सीटच्या गाडीला वर्षाला फक्त 100 फ्रँक कर बसू लागला. मग काय, छोट्या-मोठ्या कितीतरी कारखानदारांनी गाड्या काढल्या. इंजिन स्वतः घडवणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. ते रुबी, स्काप, शाप्वी-दोर्निए अशा इंजिनवाल्यांकडून यायचं. सेनेशाल, बीएनसी, रॅली ही नावं वेगळी, पण मर्यादा सगळ्यांना एकच आणि इंजिनवाले थोडेच. गाड्या बहिणी-बहिणींसारख्या दिसल्या तर नवल कसलं? म्हणून इंजिनावरची पाटी वाचून निर्मात्याचं नाव पुकारणं हा जुन्या गाड्या ओळखण्याच्या छंदातला सगळ्यात महागडा उतावीळपणा, असं माझं मत.

अ‍ॅमिलकार 1921 ची. लामी आणि अकार या दोघांची आडनावं ओढूनताणून जुळवली की हे नाव होतं. तिची खरी स्पर्धक साल्मसन. बियाँकूरच्या या कारखान्यात विमानांची इंजिनं बनत. युद्ध संपल्यावर ते काम आटलं. 1919 मध्ये त्यांनी इंग्लंडच्या जीएन सायकलकारचा परवाना घेतला आणि 1921 मध्ये एमिल पेतीने आखलेली स्वतःची गाडी काढली. त्यामुळे 1920 च्या आसपासची फ्रेंच जीएन ही आडनावाने इंग्लिश आणि जन्माने साल्मसन. अ‍ॅमिलकारचं उलट झालं: परवान्यावर ती जर्मनीत 'प्लूटो' आणि ऑस्ट्रियात 'ग्रोफ्री' म्हणून विकली गेली.

1922 मध्ये इंग्लंडात ऑस्टिन सेव्हन आणि फ्रान्समध्ये छोटी सिट्रोएन आली. थोडक्या पैशांत खरीखुरी मोटार मिळू लागली आणि पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्यांचे दिवस भरले. ऑस्टिनने कोडी मात्र वाढवूनच ठेवली: परवान्यावर तीच गाडी जर्मनीत डिक्सी झाली, मग बीएमडब्ल्यू, आणि फ्रान्समध्ये रोझँगार.

शंभर वर्षांत या गाड्यांच्या बॉडी कापल्या गेल्या, इंजिनं अदलाबदल झाली, रेडिएटर दुसऱ्याच गाडीचे बसले. म्हणून फोटोतल्या आकारावर किंवा बिल्ल्यावर जाणकार फार विसंबत नाहीत. अ‍ॅमिलकारचा बिल्ला पंखांच्या घोड्याचा, साल्मसनच्या रेडिएटरवर पुढे तिरकी फुली आली. पण बिल्ला काय, चार स्क्रूंचा खेळ. बॉनेट उघडून बघणं बरं. पेतीने 1087 सीसीच्या त्या पहिल्या इंजिनात एका सिलिंडरला एकच पुशरॉड (व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, उघडणारा दांडा) दिला होता: वर ढकलला की एक व्हॉल्व्ह उघडायचा, खाली ओढला की दुसरा. चार सिलिंडरांना आठाऐवजी चारच रॉड मोजले गेले, तर पुढे घोडा असो की फुली, इंजिन साल्मसनचं.