डेम्बेलेची मांडी पुन्हा पुन्हा का दगा देत होती

१६ सप्टेंबर २०१७, माद्रिदच्या शेजारचं गेताफेचं ग्राउंड. स्टार खेळाडू नेमार सोडून गेला म्हणून बार्सिलोना क्लबने जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबला १०.५ कोटी युरो मोजून (वरचे बोनस वेगळेच) २० वर्षांचा फ्रेंच फुटबॉलर ऊस्मान डेम्बेले आणलेला, आणि आज तो पहिल्यांदा सुरुवातीच्या अकरात होता. बॉल लाइनबाहेर चाललेला, हा सुसाट पळत गेला, पाय लांब टाकला आणि टाचेने बॉल आत ढकलायला बघितलं. टॅकल नाही, कुणाचा साधा धक्कापण नाही, तरी गडी मांडीची मागची बाजू धरून बसला. डाव्या हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूंचा, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) तुटला होता. फिनलंडला नेऊन साकारी ओराव्हा नावाच्या सर्जनकडून ऑपरेशन करून घेतलं, जानेवारी २०१८ मध्ये परत खेळायला लागला आणि दहा-बारा दिवसांतच रिअल सोसिएदादविरुद्ध त्याच मांडीत पुन्हा दुखापत.

आणि हे तिथेच थांबलं नाही. मे २०१९ मध्ये सेल्टाविरुद्ध मॅच सुरू होऊन काही मिनिटं झाली नाहीत तोच बाहेर, ऑगस्ट २०१९ मध्ये बिल्बाओविरुद्ध परत डावी मांडी, नोव्हेंबरमध्ये डॉर्टमुंडविरुद्ध उजवी, त्यातून सावरून ट्रेनिंगला आला तर फेब्रुवारी २०२० मध्ये उजव्या हॅमस्ट्रिंगचा टेंडन वरून पूर्ण तुटला आणि परत फिनलंड, परत ऑपरेशन. तेव्हा लोक सरळ म्हणायचे की पोरगा काचेचा आहे, झोपत नाही, जंक फूड खातो. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आता या दुखापतीबद्दल इतकं वाचल्यावर तर अजिबातच पटत नाही, कारण हॅमस्ट्रिंग परत परत जाणं हा स्वभावाचा नाही तर स्नायूचा मामला आहे.

आधी हा स्नायू हाताला लावून बघा. खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात, आणि टाच जमिनीवर दाबत मागे ओढल्यासारखी करा. आता गुडघ्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं लावली की ताणलेल्या सुतळीसारखं काहीतरी लागेल. बाहेरच्या बाजूची दोरी म्हणजे बायसेप्स फेमोरिसचा टेंडन, आतल्या बाजूची सगळ्यात ठळक दोरी सेमीटेन्डिनोससची, आणि तिच्या खाली दडलेला तिसरा सेमीमेम्ब्रेनोसस. तिघं मिळून हॅमस्ट्रिंग. वरचं टोक आपण बसतो त्या हाडाला, खालचं टोक गुडघ्याच्या खाली, म्हणजे हे स्नायू कंबरेचा सांधा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडून जातात (बायसेप्सचा एक छोटा भाग तेवढा मांडीच्या हाडापासूनच सुरू होतो). दोन सांधे म्हणजे दोन्हीकडून ताण, आणि सगळी भानगड इथूनच सुरू होते.

फुल स्पीडने पळताना पाय पुढे झेपावतो, मांडी वर, गुडघा सरळ होत चाललेला, आणि पाय जमिनीला टेकायच्या अगदी आधीचा जो क्षण असतो त्यात हॅमस्ट्रिंगला ब्रेकचं काम करावं लागतं, पुढे फेकली गेलेली नडगी आवरायची असते. म्हणजे स्नायू एकीकडे लांब होत असतो आणि त्याच वेळी पूर्ण जोर लावत असतो. दोरीने बादली विहिरीत सोडताना हातातून दोरी सरकत असते तरी आपण ती घट्ट आवरून धरतो ना, तसंच, फक्त इथे सगळं सेकंदाच्या छोट्याशा भागात उरकतं. बहुतेक वेळा स्नायू या क्षणी फाटतो आणि जास्त करून बायसेप्स फेमोरिसच जातो, कारण पळताना तिघांत सगळ्यात जास्त ताणला जातो तो.

आता परत परत का होतं ते. स्नायूचा तंतू म्हणजे छोट्या छोट्या कड्यांची साखळी समजा. साखळीत कड्या जास्त असतील तर ताण वाटला जातो, प्रत्येक कडीला थोडंच ताणावं लागतं, कमी असतील तर तेवढ्याच लांबीसाठी प्रत्येक कडी जीव तोडून ताणली जाते. ऑस्ट्रेलियातल्या १५२ प्रोफेशनल फुटबॉलर्सच्या मांड्या अल्ट्रासाउंडने मोजल्या तेव्हा ज्यांच्या बायसेप्स फेमोरिसचे तंतू १०.५६ सेंटीमीटरपेक्षा आखूड होते त्यांना हॅमस्ट्रिंगची दुखापत व्हायचा धोका साधारण चौपट निघाला. आणि आधी फाटून गेलेल्या स्नायूत तंतू बऱ्याचदा आखूडच सापडतात. शिवाय जिथे फाटलं तिथे जखमेचा जो व्रण धरतो तो कडक असतो, तो ताणला जात नाही, म्हणून शेजारच्या चांगल्या भागावर जास्त ओढ पडते. मेंदूपण त्या स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही, विशेषतः तो लांब झालेला असताना, कारण तिथेच दुखलेलं त्याला आठवत असतं. म्हणजे जो क्षण धोक्याचा, नेमका त्याच क्षणी स्नायू कमजोर.

आणि खेळाडूला मात्र काही जाणवत नाही. चालताना दुखत नाही, जॉगिंग मस्त होतं, फिजिओ दाबून बघतो तर दुखरा पॉइंट सापडत नाही. आमच्या रविवारच्या ग्रुपमधला एक मित्र असाच, मांडीत चमक भरली म्हणून बसला, आठवडाभराने म्हणाला एकदम ओके आहे, आणि पहिल्याच लांब पासवर पळताना परत तिथेच हात गेला. मी समोरच होतो, त्याचा चेहरा दुखण्यापेक्षा चक्रावल्यासारखा जास्त दिसत होता, काल तर काहीच नव्हतं असं तो सारखा म्हणत होता. खोटं बोलत नव्हता. मग एमआरआय काढून खात्री करावी म्हटलं तर तीपण होत नाही, डॉक्टरांनी फिट ठरवलेल्या ५३ खेळाडूंचे स्कॅन एका अभ्यासात बघितले तर त्यातल्या ८९ टक्के जणांच्या स्नायूत अजून खुणा दिसत होत्या. म्हणजे स्कॅन साफ होईपर्यंत थांबायचं ठरवलं तर कितीतरी जण खेळायचेच नाहीत.

यावर सगळ्यात मोठा हिशोब युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, ठेवलाय, २००१ पासून, स्वीडनच्या लिन्शॉपिंग विद्यापीठातले यान एक्स्ट्रांड यांच्या देखरेखीखाली. २००१-०२ च्या सीझनमध्ये सगळ्या दुखापतींपैकी १२ टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या, २०२१-२२ मध्ये २४ टक्के. त्यातल्या साधारण १८ टक्के म्हणजे जुन्याच जागी परत झालेल्या, आणि अशा परत झालेल्यांपैकी ६९ टक्के खेळाडू मैदानात उतरल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत. हा आकडा मला फार बोलका वाटतो. ते दोन महिने घाईचे असतात, कोचला मॅच जिंकायची असते, खेळाडूला जागा जाईल ही भीती असते. त्यात खेळपण बदललाय, इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २००६-०७ ते २०१२-१३ एवढ्यातच स्प्रिंटचं अंतर साधारण ३५ टक्क्यांनी वाढलं, आणि मॅचेस तर काय, आठवड्याला दोन.

पण यावर उपाय माहिती आहे. नॉर्डिक नावाचा व्यायाम. सतरंजीवर गुडघे टेकून बसायचं, मित्राने मागून घोटे घट्ट दाबून धरायचे, आणि कंबर न वाकवता अख्खं अंग ओंडक्यासारखं हळूहळू पुढे झुकवायचं, जितकं सावकाश जमेल तितकं, शेवटी हातावर पडायचं. मी पहिल्यांदा केला तेव्हा अर्ध्यातच मांड्यांच्या मागे थरथर सुरू झाली आणि पुढचे दोन-तीन दिवस जिना उतरतानासुद्धा कळ येत होती. ती कळ कामाची आहे, कारण लांब होत होत जोर लावायचा सराव यात होतो, आणि काही आठवड्यांत तंतू खरंच लांबतात, साखळीत कड्या वाढतात. डेन्मार्कमध्ये ५० टीम्सच्या ९४२ खेळाडूंवर याची चाचणी झाली, १० आठवड्यांचा प्रोग्रॅम, नंतर आठवड्यातून एकदा. व्यायाम करणाऱ्यांच्या गटात १५ हॅमस्ट्रिंग गेल्या, न करणाऱ्यांत ५२. आणि आधी दुखापत झालेल्यांना फायदा सगळ्यात जास्त झाला, म्हणजे ज्यांचं परत परत होतं त्यांच्याचसाठी हे औषध आहे. खर्च शून्य.

तरी मोठे क्लब करत नव्हते. चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) आणि नॉर्वेच्या टॉप लीगमधल्या क्लबांना नंतर विचारलं तेव्हा पूर्ण प्रोग्रॅम करणारे दहातला एक निघाले. कारण तीच ती कळ, बुधवारी मॅच आहे, शनिवारी मॅच आहे, मधे पाय दुखवून घ्यायचे कधी. मला कळतं ते, पण मग दीड महिना बाहेर बसायला वेळ कुठून येतो हा प्रश्नपण विचारायला हवा. आणि नुसतं नॉर्डिक करूनही भागत नाही, खेळाडूला ट्रेनिंगमध्ये अधूनमधून फुल स्पीडने पळवायला लागतं. दुखापतीनंतर सांभाळून सांभाळून ८० टक्के स्पीडनेच पळणारा माणूस मॅचमध्ये अचानक १०० टक्क्यांवर गेला की स्नायूला त्या वेगाची सवयच नसते.

एक्स्ट्रांड यांच्या टीमने अजून एक गोष्ट दाखवली जी मला स्नायूंइतकीच महत्त्वाची वाटते, ज्या क्लबात डॉक्टर आणि हेड कोच यांचं नीट बोलणं नसतं तिथे दुखापतींचा भार जास्त असतो. फिजिओ म्हणतो अजून दहा दिवस, आणि ते वाक्य कोचपर्यंत पोचतं की नाही, पोचलं तर तो ऐकतो की नाही, यावर पुढचं सगळं ठरतं.

डेम्बेलेच्याच बाबतीत हे २०२५ मध्ये परत दिसलं. तोवर तो पॅरिसच्या पीएसजी क्लबचा झालेला, चॅम्पियन्स लीग जिंकलेला. ५ सप्टेंबरला फ्रान्सकडून युक्रेनविरुद्ध सेकंड हाफला उतरला आणि स्प्रिंट मारता मारता उजवी मांडी धरली. आम्ही त्याच्या मेडिकल रिपोर्ट्सबद्दल आधीच कळवलं होतं असं क्लब जाहीरपणे म्हणाला, फ्रान्सच्या कॅम्पने ते मान्य केलं नाही. २२ सप्टेंबरला पावसामुळे पुढे ढकललेली मार्सेयविरुद्धची मॅच होती, टीम तिकडे खेळत होती आणि डेम्बेले दुखापतीमुळे पॅरिसमध्ये होता, म्हणून बॅलन डी'ऑर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलरचा पुरस्कार, घ्यायला स्टेजवर जाऊ शकला. आईला स्टेजवर बोलावलं, रडला. परत खेळला तो २१ ऑक्टोबरला लेव्हरकुसेनविरुद्ध, म्हणजे सहा आठवडे उलटून गेल्यावर, तेही सुरुवातीपासून नाही, सेकंड हाफमध्ये सब म्हणून. उतरल्यावर थोड्याच वेळात गोल मारला.