केसपेपर कॉम्प्युटरवर आहे. पण तो साक्ष देईल का?

दंतवैद्य ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"आमचं सगळं कॉम्प्युटरवरच आहे," असं बहुतेक डॉक्टर पहिल्या भेटीत सांगतात. मग आम्ही सॉफ्टवेअरवाले पाच वर्षांपूर्वीच्या एखाद्या पेशंटची फाइल उघडायला सांगतो. त्यात नाव असतं, मोबाइल नंबर असतो, बिलं असतात आणि 'आरसीटी झाली' (म्हणजे रूट कॅनाल) अशी एक ओळ असते. कोणत्या दाताची, हे एक्स-रे बघून ओळखायचं. एक्स-रे कुणाच्या तरी फोनमध्ये.

हिशेबापुरतं हे चालून जातं. पण हीच फाइल कोर्टात किंवा शवागारात मागवली गेली, तर ती वाचणारा तुम्हाला ओळखत नसतो. तुमची लघुरूपं त्याला ठाऊक नसतात, आणि विचारायला तुम्ही समोर असालच असंही नाही. सॉफ्टवेअर आमचं घ्या किंवा दुसऱ्या कुणाचं, नोंद लिहायची ती या अनोळखी वाचकासाठी.

दातांकडे का वळतात

दाताच्या वरच्या कठीण आवरणात, म्हणजे इनॅमलमध्ये, वजनाच्या सुमारे ९६ टक्के खनिज असतं. चेहरा आणि बोटांचे ठसे गेल्यावरही दात पुष्कळदा शाबूत सापडतात. मोठ्या दुर्घटनेत मृतांची ओळख पटवण्याची मुख्य साधनं म्हणून इंटरपोल तीन गोष्टी धरतं: बोटांचे ठसे, डीएनए आणि दातांची तुलना. १८९७ साली पॅरिसमध्ये धर्मादाय बाजाराला आग लागली, तेव्हा कितीतरी मृतदेह दंतवैद्यांच्या नोंदींवरून ओळखले गेले. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडमध्ये दगावलेल्या परदेशी पर्यटकांच्या बाबतीतही दातांच्या नोंदींचा मोठा उपयोग झाला. पण तुलनेला दोन बाजू लागतात. मृत्यूनंतरचे दात शवागारात तपासता येतात. माणूस जिवंत असतानाचे दात कसे होते, हे बहुधा तुमच्याच फाइलमध्ये असतं.

एका आकड्याची चूक

समजा, पेशंटची ४७ क्रमांकाची दाढ काढली, पण घाईत नोंद झाली ४६ ची. दवाखान्यात याने काही बिघडत नाही, पुढच्या भेटीला तोंड उघडलं की कळतंच. शवागारात मात्र तज्ज्ञ असं बघतो: नोंदीत नसलेलं फिलिंग मृतदेहात दिसलं तर त्याचा उलगडा होतो, ते नंतर दुसरीकडे केलं असेल. पण नोंदीत काढलेली दाढ मृतदेहात जागेवर दिसली तर? काढलेली दाढ परत उगवत नाही. म्हणजे हा तो माणूस नव्हे. बाकी सगळं जुळत असूनही खरी ओळख इथे अडते, आणि घरचे लोक वाट बघत राहतात.

शिवाय दातांना क्रमांक द्यायची कोणती पद्धत वापरली तेही फाइलवर लिहा. एफडीआय पद्धतीत १८ म्हणजे वरची उजवी अक्कलदाढ. अमेरिकेत चालणाऱ्या १ ते ३२ च्या पद्धतीत १८ म्हणजे खालची डावी दुसरी दाढ. आकडा तोच, पण जबडाही वेगळा आणि बाजूही वेगळी.

आमचा आग्रह एवढाच: पहिल्या भेटीत पूर्ण तोंडाचा चार्ट भरा, दुखणाऱ्या एका दाताचा नको. आधीची फिलिंग, कॅप, पडलेले दात, पटाशीच्या दातांमधली फट, वळलेला सुळा, सगळं. निरोगी दातही 'निरोगी' म्हणून नोंदवा. चार्टवरची रिकामी चौकट म्हणजे दात चांगला होता की बघितलाच नाही, हे परक्याला कळत नाही. पाच मिनिटं जातात, मान्य आहे.

एक्स-रे आणि फोटो

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला एक्स-रे दाबून लहान केला जातो, आणि तो कधी, कोणत्या यंत्रावर काढला ही माहितीही सहसा गळून पडते. मूळ फाइल डायकॉम या वैद्यकीय चित्रांसाठीच्या स्वरूपात ठेवली तर पेशंटचं नाव, तारीख, यंत्र हे सगळं चित्राबरोबरच राहतं. बघण्यासाठी साध्या फोटोसारखी जेपीईजी प्रत काढा, पण मूळ फाइल पुसू नका. आरशातून घेतलेल्या फोटोत डावं-उजवं उलटतं. तो सरळ केला असेल तर तसं लिहा, केला नसेल तर तेही लिहा.

नंतर केलेला बदल

तक्रार किंवा नोटीस आल्यावर जुनी नोंद 'नीट करायचा' मोह होतो. करू नका. राहिलेलं काही लिहायचंच असेल तर आजच्या तारखेने, 'नंतरची नोंद' म्हणून, स्वतःच्या नावाने खाली लिहा. अपुरी नोंद समजावून सांगता येते. मागून बदललेली नोंद निघाली, तर खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी, केव्हा, काय बदललं याचा माग आपोआप राहतो, आणि तो डॉक्टरांनाही पुसता येत नाही. हे गैरसोयीचं वाटतं, पण तुमची बाजू त्यावरच उभी राहते.

हा माग फुकट घालवायचा सोपा उपाय म्हणजे एकच पासवर्ड. डॉक्टर, मदतनीस, रिसेप्शन, सगळे त्यावरच. मग प्रत्येक एन्ट्री डॉक्टरांच्या नावावर पडते, डॉक्टर गावाला गेलेले असले तरी. घड्याळाचंही तसंच. एका दवाखान्यात कॉम्प्युटरची आतली बॅटरी संपली होती आणि तारीख कित्येक वर्षं मागे सरकली होती. बरेच दिवस सगळ्या एन्ट्र्या त्या जुन्या तारखेने पडत राहिल्या, आणि ते कळलं एका लहान मुलाच्या फाइलमुळे: जन्माच्या आधीच त्याच्या दुधाच्या दाढेत फिलिंग झालेलं होतं!

नोंद कुणी मागितली तर

लेखी मागणी घ्या, मागणाऱ्याचा अधिकार तपासा, प्रत द्या आणि पोच घ्या. मूळ नोंद तुमच्याकडेच ठेवा. नोंदी किती वर्षं जपायच्या याची मुदत ठिकाणाप्रमाणे बदलते, तुमच्या वकिलांना विचारा. तोवर जुनं काहीही पुसू नका, प्लास्टरचे साचे आणि कवळीचे स्कॅनसुद्धा.

बॅकअपची एक प्रत दवाखान्याबाहेर असू द्या. आमचा माणूस वार्षिक देखभालीला आला, की त्याला एखादी जुनी फाइल त्या प्रतीतून तुमच्यासमोर उघडून दाखवायला सांगा. उघडली नाही, तर काम पुरं झालेलं नाही. तोवर त्याच्या कागदावर सही करू नका.