पर्चच्या तोंडातून बाहेर येतं ते काय असतं?

लेस्टरला राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या नोव्हेंबरात एक फोटो पाठवला. मित्राबरोबर रटलंड वॉटर या जलाशयावर होडीतून मासेमारीला गेला होता. फोटोत एक मोठा पर्च होता. हिरवट अंग, त्यावर काळे उभे पट्टे, पोटाकडचे पर लालभडक, आणि उघड्या तोंडातून बाहेर आलेली गुलाबी, ओली, फुगलेली पिशवी. खाली प्रश्न होता, "मामा, ह्याचं वाताशय बाहेर आलंय. मित्र म्हणतो, सुईने टोचून हवा काढायची आणि पाण्यात सोडायचा. बरोबर ना?"

बरोबर नाही. वाताशय म्हणजे माशाला पाण्यात तोलून धरणारी, अंगातली वायूची पिशवी. तोंडातून बाहेर आलेली पिशवी म्हणजे वाताशय नव्हे, ते माशाचं जठर असतं. आत वाताशय बेसुमार फुगतं किंवा फुटून त्यातला वायू पोटाच्या पोकळीत पसरतो, आणि तो वायू जठराला ढकलत उलटं करून तोंडावाटे बाहेर काढतो. म्हणजे सुई जाते ती जठरात, आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो वायू बराचसा आतच राहतो. हा गैरसमज पक्का रुजलेला आहे. वर्षानुवर्षं गळ टाकणारे लोकही सुई हातात घेतात, तीही माशावरच्या दयेपोटी. म्हणून हा लेख.

रटलंड वॉटर हा इंग्लंडच्या मध्यभागातला, १९७०च्या दशकात बांधलेला पिण्याच्या पाण्याचा जलाशय. पृष्ठभाग सुमारे १,२६० हेक्टर, सर्वांत खोल भाग ३३-३४ मीटर. त्यात रेनबो आणि ब्राऊन ट्राऊट वाढवून सोडले जातात. पर्च मात्र कुणी सोडावा लागत नाही, तो तिथलाच. ऑक्टोबर संपत आला की होड्यांवरचे लोक दोन्हींच्या मागे असतात. होडीच्या बाजूला छत्रीसारखं कापड पाण्यात सोडतात, त्याला ड्रोग म्हणतात. त्याने वाऱ्यावर वाहणाऱ्या होडीचा वेग कमी होतो आणि गळ हवा तितका खोल जातो. वर्षभरात वाढलेली पर्चची आणि रोच नावाच्या माशाची पिल्लं एव्हाना बोटभर झालेली असतात. त्यांचे थवे धक्क्यांच्या, नांगरलेल्या होड्यांच्या आणि पाणवनस्पतींच्या आसऱ्याला जमतात, आणि ट्राऊट त्यांच्यावर तुटून पडतात. पांढऱ्या सशाच्या कातडीच्या पट्टीची बनवलेली लांब 'माशी', म्हणजे गळावरचं नकली आमिष, या दिवसांत चालते ती यामुळेच.

हिवाळ्याच्या तोंडावर मासे खोल का जातात, याचं उत्तर पाण्याच्या घनतेत आहे. पाणी सर्वांत जड असतं ४ अंश सेल्सिअसला, हे शाळेत शिकलेलं असतंच. घनतेतला फरक तापमानागणिक सारखा नसतो, हे मात्र सहसा सांगितलं जात नाही. २४ आणि २५ अंशांच्या पाण्यात घनतेचा जो फरक आहे, तो ४ आणि ५ अंशांच्या पाण्यातल्या फरकाच्या सुमारे तीसपट आहे. त्यामुळे उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी खालच्या गार पाण्यावर घट्ट बसतं आणि वारा त्यांना मिसळू शकत नाही. तळातला प्राणवायू कुजणाऱ्या गाळात संपत जातो. शरदात वरचं पाणी थंड होतं, फरक मिटतो, आणि एखादं वादळ आलं की सगळं पाणी ढवळून निघतं. तळापर्यंत प्राणवायू पोचतो आणि उन्हाळाभर बंद असलेला खोल भाग माशांना खुला होतो. (पिण्याच्या पाण्याची प्रत राखायला इंग्लंडमधल्या कित्येक जलाशयांत तळाशी दाबाखाली हवा सोडून पाणी मुद्दाम ढवळतात. तिथे हा बदल इतका ठसठशीत दिसत नाही.) पर्चचे थवे पिल्लांच्या मागोमाग पंधरा-वीस मीटरवर उतरतात ते या काळात.

आता मूळ मुद्दा. पाण्यात दर १० मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबाएवढा, वाढतो. २० मीटरवर एकूण दाब तीन वातावरणं. गोड्या पाण्यातल्या माशाला तरंगता-बुडता न राहता स्थिर राहायचं तर वाताशयाचं आकारमान शरीराच्या साधारण ७ टक्के लागतं. अर्ध्या किलोच्या पर्चमध्ये ते ३५ मिलिलिटर धरा. २० मीटरवरून त्याला मिनिटभरात वर ओढला, तर बॉइलच्या नियमाने (दाब जितका घटतो तितका वायू फुगतो) तेच ३५ मिलिलिटर १०० च्या पुढे जातात. पोटात तेवढी जागा नसते. मग जठर तोंडातून, आणि कधी डोळे खोबणीतून बाहेर येतात.

त्याच खोलीवरून आलेल्या ट्राऊटला असं काही होत नाही. त्याच्या वाताशयातून अन्ननलिकेत उघडणारी एक बारीक नळी असते. गळाला लागलेला ट्राऊट खोलातून वर येऊ लागला की त्याच्या पुढे पाण्यावर बुडबुडे फुटताना दिसतात. दोर ताणलेला असतानाही ते दिसतात, नजर हवी. तो वायू बाहेर टाकत येत असतो. पण या सोयीची किंमत आहे. वाताशय भरायचं तर त्याला पृष्ठभागावर येऊन हवा गिळावी लागते, आणि ती हवा घेऊन खोल गेला की दाबाने आकसते. मग अंग जड होतं आणि पोहत राहण्यावाचून इलाज नसतो. पर्चची नळी पिल्लावस्थेतच बंद होते. पुढे आयुष्यभर त्याला वायू भरायचा तो रक्तातून आणि काढायचा तोही रक्तातूनच.

रक्तातून वायू भरणं ही मला साऱ्या प्राणिशास्त्रातली सर्वांत सुंदर यंत्रणा वाटते, म्हणून इथे जरा थांबतो.

अडचण अशी. पाणी कितीही खोल असलं तरी त्यात विरघळलेल्या प्राणवायूचा आंशिक दाब, म्हणजे त्या एका वायूच्या वाट्याचा दाब, हवेतल्याइतकाच, म्हणजे जास्तीत जास्त ०.२ वातावरण. कल्ल्यांतून रक्तात येतो तो याच दाबाने. वाताशयात मात्र तो तीन वातावरणांच्या दाबाखालच्या जागेत ढकलायचा आहे. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, आणि इथे त्याला उलटं न्यायचं आहे.

वाताशयाच्या भिंतीत एक लालसर भाग असतो, त्याला वायुग्रंथी म्हणतात. तिच्या पेशी प्राणवायू भरपूर असतानाही साखर अर्धवटच जाळतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. ते आम्ल रक्तात उतरतं. माणसाचं हिमोग्लोबिनही आम्लात प्राणवायू थोडा सैल धरतं, पण दाब वाढवला की पुन्हा पूर्ण भरतं. पर्चचं हिमोग्लोबिन वेगळं आहे. आम्लात त्याची धारणक्षमताच घटते, प्राणवायूचा दाब कितीही वाढवला तरी ते पूर्ण भरत नाही. रेमंड रूट यांनी १९३१ मध्ये हा परिणाम मांडला, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. आम्ल मिळताच हिमोग्लोबिन प्राणवायू रक्तद्रवात सोडून देतं आणि त्याचा दाब चढतो.

पण एका फेरीत चढणारा दाब पुरत नाही. वायुग्रंथीकडे येणारी धमनी शेकडो-हजारो केशवाहिन्यांत फुटते. परत जाणाऱ्या केशवाहिन्या त्यांच्या मधूनच, अगदी खेटून, उलट दिशेने जातात. अशी त्यांची एक जुडीच बनते. परतणाऱ्या रक्तात प्राणवायूचा दाब जास्त, म्हणून तो भिंत ओलांडून येणाऱ्या रक्तात शिरतो. पाळी बदलताना गिरणीच्या दारात बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाने आपल्या हातातलं काम आत येणाऱ्याच्या हातात द्यावं, म्हणजे काम कधी दाराबाहेर जातच नाही, तसं हे आहे. येणारं रक्त ग्रंथीपर्यंत आधीच संपन्न होऊन पोचतं, तिथे पुन्हा आम्ल मिळतं, दाब आणखी चढतो. फेरीवर फेरी अशी वाढ होत राहते. समुद्रात हजारो मीटर खोल राहणारे मासेही याच जोरावर वाताशय भरलेलं ठेवतात.

यात एक बारीक पेच आहे. परत जाताना रक्तातलं आम्लही थोडं थोडं येणाऱ्या रक्तात झिरपतं. मग परतणारं हिमोग्लोबिन पुन्हा प्राणवायू पकडून घेऊन जाणार नाही का? जाईल, पण वेळ मिळाला तर. प्राणवायू सोडण्याची क्रिया सेकंदाच्या छोट्या अंशात होते आणि पुन्हा पकडण्याच्या क्रियेला काही सेकंद लागतात. तोवर रक्त त्या जुडीतून बाहेर पडलेलं असतं. दोन रासायनिक क्रियांच्या वेगांतल्या एवढ्या फरकावर ही यंत्रणा उभी आहे. शिवाय वाताशयाच्या भिंतीत ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या स्फटिकांचा चंदेरी थर असतो, तो भरलेला वायू गळू देत नाही.

ट्राऊटच्या वाताशयाला अशी जुडी नाही. पण त्याच्या डोळ्यामागे तशीच एक आहे, दृष्टिपटलाला प्राणवायू पुरवणारी, आणि त्याचं हिमोग्लोबिनही रूटच्या परिणामाचंच आहे. अनेक माशांच्या तुलनेवरून २००५ मध्ये असं दाखवलं गेलं की उत्क्रांतीत डोळ्यातली जुडी आधी आली, आणि वाताशयातली नंतर, तीही एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे.

वायू काढण्याची व्यवस्था मात्र साधी आहे. पर्चच्या वाताशयाच्या वरच्या बाजूला पातळ भिंतीचा एक गोलसर भाग असतो. तो उघडला की वायू रक्तात विरघळतो आणि कल्ल्यांवाटे निघून जातो. याला तासन्तास लागतात. पर्च स्वतःहून वर येतो तो या बेताने. गळ त्याला तेवढा वेळ देत नाही.

वाताशयाचं नाव घेऊन आणखी एक समज पसरला आहे. हवेचा दाब उतरला की माशांच्या वाताशयात कळ येते आणि ते गळ घेत नाहीत, असं मासेमार सांगतात आणि त्यावर मोबाइलची ॲपंही विकली जातात. साधा हिशेब करा. हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात, आणि एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास एक सेंटिमीटर पाण्याचा दाब. मोठं वादळ आलं तरी दाब फार तर ३०-४० हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे मासा हातभरही वर आला नाही तोच त्याला तेवढा फरक जाणवून जातो. पर्च दिवसभरात याच्या कितीतरी पट वर-खाली करतो. वादळाबरोबर वारा, उजेड आणि पाण्याचा गढूळपणा बदलतो, कारण शोधायचं तर तिथे शोधावं.

आपल्याकडचा घोळ मासाही बंद वाताशयाचाच. पालघरच्या मुरबे गावात ऑगस्ट २०२१ मध्ये १५७ घोळ मिळाले आणि १ कोटी ३३ लाखांना विकले गेले, ते त्यांच्या वाताशयासाठी, किनाऱ्यावर ज्याला भोत म्हणतात त्यासाठी. तेव्हा बातम्यांत भोतीला औषधी म्हणून काय काय चिकटवलं गेलं! भोत म्हणजे प्रामुख्याने कोलॅजेन, एक प्रथिन. पोटात गेलं की ते इतर प्रथिनांसारखंच पचतं. त्या दाव्यांपायी एक मासा समुद्रातून संपत चालला तर ते फार वाईट होईल. गोड्या पाण्यात रोहू, कटला, महसीर हे नळी उघडी असलेले, ट्राऊटसारखे. उजनीतली चिलापी बंद वाताशयाची, पर्चसारखी.

भाच्याला मी लिहिलं ते असं. सुई ठेवून दे. होडीवर पाण्यात आवाज सोडून मासे दाखवणारं ध्वनियंत्र आहे ना, पडद्यावर माशाची जी ठळक कमान दिसते तो मुख्यतः त्याच्या वाताशयातून परतलेला आवाज असतो, कारण वायू आणि पाणी यांच्या सीमेवर आवाज जोरात परततो, मांसावरून फारसा नाही. त्या कमानी दहा मीटरच्या खाली असतील आणि पर्च परत सोडायचे असतील, तर तिथे गळ टाकू नकोस, उथळात जा. सावकाश वर ओढल्याने भागत नाही, कारण पर्चला लागणारे तास कुणीच देत नाही. एखादा फुगून आलाच, तर त्याला वजन लावलेल्या उलट्या जाळीच्या टोपलीखाली धरून पुन्हा खोल उतरवायचा. बॉइलचा नियम उलटही चालतो, आणि वायू पुन्हा आकसतो. वाताशय फुटलं नसेल तर त्याला संधी मिळते. तेही जमत नसेल तर खाण्यासाठी ठेवावा. पर्चचं मांस पांढरं आणि चवीला उत्तम असतं.

त्यावर त्याने विचारलं, नळी बंदच असेल तर पहिल्यांदा वायू येतो कुठून? चांगला प्रश्न आहे. अंड्यातून बाहेर पडल्यावर काही दिवस पर्चच्या पिल्लाची नळी उघडी असते. त्या दिवसांत ते काही मिलिमीटरचं पिल्लू पृष्ठभागावर येऊन हवेचा एक घोट घेतं, त्यानंतर नळी मिटते आणि वायुग्रंथी पुढचं काम हाती घेते. पृष्ठभागावर तेलाचा तवंग असेल तर त्याला तो पडदा फोडता येत नाही. वाताशय रिकामं राहतं, पिल्लू बुडू नये म्हणून तिरकं पोहत राहतं आणि त्याचा कणा वाकडा वाढतो. म्हणून पर्चची पैदास करणारे त्या दिवसांत टाक्यांच्या पाण्यावर हवेचा झोत सोडून तवंग सतत एका कोपऱ्यात गोळा करून काढत असतात.