खाल्लेले न विचारता मोजणारे पाणी

फार झोपले की अंगावर चरबी चढते, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की वजन वाढलेल्या माणसाला घरून मिळणारा पहिला सल्ला बहुधा 'पहाटे उठून चालायला जा' हाच असतो. आदल्या रात्री तो किती वाजता निजला, हे कोणी विचारत नाही. शिकागो विद्यापीठातील एस्रा तसाली यांच्या गटाने नेमके तेच विचारले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत २१ ते ४० वयाच्या, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २५ ते ३० च्या दरम्यान असलेल्या आणि रोज साडेसहा तासांहून कमी झोपणाऱ्या ८० व्यक्ती होत्या. दोन आठवडे सर्वांनी नेहमीसारखी झोप घेतली. मग चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या निम्म्या लोकांना अंथरुणात साडेआठ तास कसे काढता येतील, याचे प्रत्येकाच्या दिनक्रमानुसार एकदाच मार्गदर्शन केले गेले. आहार किंवा व्यायामाचे कोणतेही पथ्य घातले नव्हते. त्यांची झोप सरासरी १.२ तासांनी वाढली आणि दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांच्या पोटात रोज सुमारे २७० कॅलरी कमी गेल्या.

पण हे मोजले कसे? माणसाला 'काय खाल्लेस' असे विचारले, तर जेवणाचे ताट आठवते, चहाबरोबरच्या दोन खाऱ्या आठवत नाहीत. म्हणून येथे एक विलक्षण पाणी वापरले गेले. या पाण्यातील काही हायड्रोजन अणूंच्या जागी ड्युटेरियम आणि काही ऑक्सिजन अणूंच्या जागी ऑक्सिजन-१८ हे जड समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे जास्त वजनाचे अणू, असतात. ते किरणोत्सारी नसतात, त्यामुळे निर्धोक असतात. हे पाणी प्यायल्यावर काही तासांत शरीरातील सगळ्या पाण्यात मिसळते. ड्युटेरियमला बाहेर पडण्याची वाट मुख्यतः एकच, ती म्हणजे लघवी, घाम आणि वाफ यांतून जाणारे पाणी. ऑक्सिजनला मात्र दुसरीही वाट आहे, कारण रक्तातील कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज या विकरामुळे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यात ऑक्सिजन अणूंची सतत देवाणघेवाण चालते आणि खुणेचा ऑक्सिजन उच्छ्वासातूनही निघून जातो. एका टाकीला एक तोटी, दुसरीला तशीच एक आणि शिवाय आणखी एक असेल, तर दोन टाक्या रिकाम्या होण्याच्या वेगांतील फरक म्हणजे त्या जादा तोटीचा प्रवाह. लघवीच्या नमुन्यांतून हे दोन वेग काढले की तयार झालेला कार्बन डायऑक्साइड कळतो, त्यावरून खर्च झालेली ऊर्जा कळते आणि तीत शरीरातील साठ्याचा बदल मिळवला की खाल्लेली ऊर्जा हाती येते. नेथन लिफ्सन यांनी ही पद्धत १९५५ च्या सुमारास उंदरांवर वापरली होती. १९८२ मध्ये ती माणसांवर आणणारे डेल शोलर या चाचणीतही सहभागी होते.

दोन्ही गटांच्या ऊर्जाखर्चात लक्षणीय फरक पडला नाही, हे येथे महत्त्वाचे. म्हणजे झोपेत चरबी 'वितळली' नाही, घास कमी झाले. रात्री पिऊन सकाळी सडपातळ करणाऱ्या चहाच्या जाहिरातींना यातून काडीचाही आधार मिळत नाही. शिवाय २७० हा आकडा दोन गटांमधील तफावतीचा आहे: झोप वाढवलेल्यांचे वजन दोन आठवड्यांत सुमारे अर्धा किलो घटले, तर इतरांचे सुमारे ०.४ किलो वाढले. अपुऱ्या झोपेने भूक का वाढते, याचा एक धागा २००४ च्या प्रयोगात दिसला होता: १२ निरोगी तरुणांमध्ये दोन रात्री फक्त चार तासांच्या झोपेनंतर, दहा तासांच्या तुलनेत, तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्के कमी आणि भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्के जास्त आढळले.

वजनकाट्याला मात्र सगळे दिसत नाही. २०१० मध्ये याच विद्यापीठात अतिरिक्त वजनाच्या दहा जणांना आलटून पालटून दोन दोन आठवडे कमी कॅलरींचा आहार दिला गेला. झोपेसाठी साडेआठ तासांची मुभा असताना आणि ती साडेपाच तासांवर आणल्यावर वजन सारखेच, सुमारे तीन किलो घटले. पण त्यात चरबी पहिल्या वेळी १.४ किलो होती, दुसऱ्या वेळी ०.६ किलो, आणि उरलेली घट बहुतांशी स्नायूंसारख्या चरबीरहित भागातून आली होती.