'टेक ऑफ' आणि आपलं 'काढणं'

सॅम्युअल जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश १७५५ मध्ये छापून निघाला. प्रस्तावनेत त्यानं परक्यांना सर्वांत जड जाणाऱ्या गोष्टीवर बोट ठेवलं आहे: क्रियापदामागे एखादा चिमुकला शब्द चिकटतो आणि अर्थ पार फिरतो. त्याच्या उदाहरणांत 'टेक ऑफ' आहे, आणि अर्थ दिलाय 'नक्कल करणे'. विमान यायला अजून दीडशे वर्षं होती. अशा जोड्यांचं 'फ्रेजल व्हर्ब' हे नावसुद्धा १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथच्या पुस्तकातून पुढे आलं.

यातलं 'टेक' मुळात इंग्रजांचं नव्हेच. नवव्या शतकात डेन लोक इंग्लंडात येऊन वसले, त्यांच्या नॉर्स बोलीतलं 'टाका' तिथेच राहिलं. (आपल्या 'टाका'शी नातं काही नाही, पण 'काढून टाका' आठवतंच.) त्याआधी 'घेणे' याला इंग्रजीत 'निमन' म्हणत, जर्मन 'नेमेन'चं भावंड. 'टेक'नं त्याला हुसकावलं. 'नम' म्हणजे बधिर, या शब्दात त्याची खूण उरली आहे.

'ऑफ' म्हणजे अलग. टोपी, बूट अंगावेगळे करणं हा सरळ अर्थ. पुढचे अर्थ मराठी माणसाला घोकावे लागू नयेत, कारण आपलं 'काढणे' बरंचसं त्याच वाटेनं गेलंय. आपण चपला काढतो आणि चित्रही काढतो. 'आधारच्या दोन झेरॉक्स काढ' म्हणतो तेव्हा आधारकार्ड जागचं हलत नाही, हातात येते ती प्रत. जॉन्सनची 'नक्कल' मला तरी याच जातीची वाटते. निघून जाणं हाही 'टेक ऑफ'च. आपण काढता पाय घेतो. शेक्सपिअरचा मॅकबेथ डंकन राजाच्या खुनाचा विचार करताना 'टेकिंग ऑफ' म्हणतो. आपल्याकडे काटा काढतात.

विमानापाशी मात्र वाटा फुटतात. 'काढणे' काही उडत नाही, आपल्याला वेगळं 'उड्डाण' लागलं. इंग्रजीच्या मदतीला घोडा आला. एकोणिसाव्या शतकात कुंपणावरून उडी मारताना घोड्याचे पाय जिथून जमीन सोडत, त्या जागेला 'टेक-ऑफ' म्हणत. लांब उडीची फळीही त्याच नावानं ओळखली जाते. विमानं आली तेव्हा शब्द तयारच होता.

१९६० मध्ये डब्ल्यू. डब्ल्यू. रोस्टो या अमेरिकन अर्थतज्ज्ञानं विकासाच्या पाच पायऱ्या मांडल्या आणि तिसरीला 'टेक-ऑफ' हे नाव दिलं. कोणत्या देशानं कधी जमीन सोडली, याचा तक्ताही केला. त्यात भारतासमोर १९५२ हे साल होतं; पहिली पंचवार्षिक योजना सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. हा प्रयत्न साधेल की नाही हे सांगायला अजून लवकर आहे, अशी टीप त्यानं खाली जोडली होती.