सुट्या भागांतून कंपाऊंड इंजिन जोडणाऱ्या ग्राहकांसाठी

आमच्याकडून नेलेले दोन सिलिंडर जोडून वाफेचे कंपाऊंड इंजिन तयार केले, पण ते एकाच सिलिंडरच्या जोरावर चालते, दुसरा नुसताच हलतो, तेव्हा तो बदलून द्यावा, अशी मागणी आमच्याकडे वारंवार येते. परत आलेला प्रत्येक सिलिंडर आम्ही तपासतो. बहुतेक वेळा बोअर (सिलिंडरचे आतले भोक) गोल असतो, स्लाइड व्हॉल्व्हची (वाफ आत-बाहेर सोडणाऱ्या सरकत्या झडपेची) बैठक सपाट असते आणि वाफ कुठून गळत नाही. दोष सिलिंडरात नसतो, तर जोडी लावण्यात झालेला असतो.

साध्या दुहेरी इंजिनात दोन्ही सिलिंडरना बॉयलरची ताजी वाफ मिळते आणि कंपाऊंडमध्ये पहिल्याने वापरून सोडलेली वाफ दुसऱ्यात जाते, हे आपण जाणताच. सुटे भाग जमवणाऱ्याच्या हाती मात्र बहुधा एकाच मापाचे दोन सिलिंडर येतात, आणि पहिल्याची निकासाची नळी दुसऱ्याच्या स्टीम चेस्टला (सिलिंडरला वाफ पुरवणाऱ्या पेटीला) जोडली की कंपाऊंड झाले, असे गृहीत धरले जाते. सगळा वेळ वाया जातो तो इथे.

समजा, दोन्हींचा बोअर, म्हणजे आतला व्यास, 20 मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल, 20 मिमी आहे. पहिला सिलिंडर दर फेरीला जेवढी वाफ सोडतो, तेवढीच दुसऱ्याने घ्यायची असते. दोघांचे आकारमान सारखे असल्याने वाफेला पसरायला जागाच उरत नाही आणि मधल्या नळीतला दाब वाढत जाऊन जवळपास बॉयलरच्या दाबाला टेकतो. मग पहिल्या पिस्टनच्या दोन्ही अंगांना जवळजवळ सारखाच दाब राहतो. तो इंजिनाला ओढत नाही, इंजिनच त्याला ओढत राहते. ग्राहक नेमका हाच सिलिंडर सदोष समजून परत पाठवतात.

आता दुसरा सिलिंडर 28 मिमी बोअरचा, त्याच स्ट्रोकचा घ्या. त्याचे आकारमान पहिल्याच्या 1.96 पट, म्हणजे जवळपास दुप्पट होते. गेजवर 3 बार असताना वातावरणाचा दाब धरून वाफ 4 बारवर येते आणि मधल्या नळीत ती सुमारे 2 बारवर उतरते. पहिल्या पिस्टनवर 2 बारचा फरक राहतो, दुसऱ्यावर 1 बारचा, पण दुसऱ्याचे क्षेत्रफळ जवळपास दुप्पट असल्याने दोघांचा जोर सारखा पडतो. हा हिशेब घर्षण आणि वाफेचे थंड होणे बाजूला ठेवून मांडला आहे. तरीही जोडी निवडायला तो पुरतो. स्ट्रोक वेगळे असतील तर बोअरच्या वर्गाला स्ट्रोकने गुणून तुलना करावी. बॉयलरचा दाब याहून जास्त असेल तर गुणोत्तरही थोडे वाढवावे लागते, आणि 2 बारच्या खाली चालवायचे असेल तर आम्ही स्वतःहून साधे दुहेरी इंजिनच सुचवतो, कारण तिथे कंपाऊंडचा फायदा हाती फारसा लागत नाही.

दोन सारखे सिलिंडर आधीच घेऊन बसलेल्यांनी निराश होऊ नये. 20 मिमीचा बोअर 28 पर्यंत वाढवण्याचा मोह टाळावा, कारण भिंत पातळ होऊन वाफेचे मार्ग उघडे पडण्याची भीती असते. त्याऐवजी एकात गनमेटलची (कांस्य धातूची) बाही, म्हणजे आत घट्ट बसणारी नळी, बसवून बोअर 14 मिमी करता येतो. तेव्हा गुणोत्तर 2.04 येते. बाहीत दोन्ही टोकांना पोर्ट (वाफेची छिद्रे) पुन्हा कापावे लागतात आणि इंजिनाची ताकद कमी होते, हे मात्र ध्यानात असावे. हे काम आम्ही करून देतो, तसेच 20 आणि 28 मिमीची जुळवलेली जोडी आमच्याकडे तयार असते.

जोडी बरोबर असूनही इंजिन सुरू न होण्याची तक्रार वेगळी आहे. दोन्ही क्रँक एकमेकांशी 90 अंशांवर असल्यास पहिला पिस्टन टोकाच्या मृतबिंदूवर (जिथून तो क्रँक फिरवू शकत नाही) असतो तेव्हा दुसऱ्यापर्यंत वाफच पोचलेली नसते, म्हणून ताजी वाफ थेट मधल्या भागात सोडणारा छोटा व्हॉल्व्ह ठेवावा आणि इंजिन फिरू लागताच तो बंद करावा. तो उघडा राहिला, तर पहिला सिलिंडर पुन्हा तसाच निकामी होतो. याच मांडणीत पहिल्याची निकास आणि दुसऱ्याची भरती एकाच वेळी होत नसल्याने मध्ये निदान पहिल्या सिलिंडरएवढ्या आकारमानाचा रिसीव्हर (वाफ साठवणारी मधली जागा) लागतो. वरच्या मापांत ते 6.3 घन सेंमी होते. 6 मिमी आतील व्यासाची नळी वापरली तर ती 22 सेंमीहून लांब लागेल, तेव्हा आखूड नळीचा भरवसा धरू नये. दुसऱ्या सिलिंडरला ड्रेन कॉक (साठलेले पाणी काढण्याची तोटी) हवाच, कारण पाणी तिथेच अधिक साठते.

मागणी नोंदवताना आम्ही बॉयलरचा दाब, हाती असलेल्या सिलिंडरचा बोअर व स्ट्रोक आणि क्रँकचा कोन विचारतो. ही चौकशी काहींना जाचक वाटते, पण ती टाळून पाठवलेला माल आम्हाला परत घ्यावा लागतो आणि ग्राहकाचा आठवडा जातो. एकदा बाही बसवलेला किंवा बोअर बदललेला सिलिंडर मात्र परत घेता येत नाही, म्हणून मापे व्हर्नियरने दोनदा घेऊन मगच कळवावीत.